एक शनिवार ओढ्याला द्या: न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस आणि सर्व सभासदांस,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेची जुळवाजुळव आता सुरू होईल. संक्रांत, पाडवा, उन्हाळी सहल, गणपती, दिवाळी, मधे एखादं नाटक. या यादीत एका शनिवारची भर घाला, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. तो शनिवार सभागृहात नको, ओढ्यावर हवा. आणि तेवढ्यावर थांबू नये, हेही आताच सांगते. मंडळानं एखादा लहानसा ओढा आपला मानावा आणि पाच-सहा घरांनी आळीपाळीनं वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवावं. शनिवार ही त्याची सुरुवात.

मी हंटर्डन काउंटीत राहते आणि फ्लाय फिशिंग करते. आपल्यापैकी बहुतेकांनी क्लिंटनची लाल गिरणी पाहिली असेल. पानगळीच्या दिवसांत भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन आपण सगळेच तिथं फोटो काढायला जातो. त्या फोटोत मागे जे पाणी बांधावरून कोसळताना दिसतं, ती रॅरिटन नदीची दक्षिण शाखा, इथल्या बोलण्यातली साउथ ब्रँच. बड लेकमधून निघून लाँग व्हॅली, कॅलिफॉन, केन लॉकवूडची घळ, हाय ब्रिज असं करत ती क्लिंटनला येते. पुढे ब्रँचबर्गजवळ उत्तर शाखेला मिळते आणि मग रॅरिटन होऊन ब्रिजवॉटर, बाउंड ब्रुक, न्यू ब्रन्सविकवरून खाडीला लागते. राउंड व्हॅलीचा जलाशय भरतो तो याच साउथ ब्रँचचं पाणी हॅमडनला उपसून. गरज पडली की जलाशयांतलं पाणी नदीत सोडतात, खाली ब्रिजवॉटरजवळ ते उचलून शुद्ध करतात आणि मध्य जर्सीतल्या गावांना पुरवतात. आपली बरीचशी घरं याच पट्ट्यात आहेत. सकाळी चहाचं आधण ठेवताना आपण जे पाणी घेतो, त्यात कॅलिफॉनच्या वरच्या ओढ्यांचा वाटा असतो.

त्या वरच्या ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. ट्राउट इथं तीन प्रकारचे भेटतात. ब्राउन ट्राउट १८८० च्या दशकात युरोपातून अंडी आणून अमेरिकेत रुजवला गेला. रेनबो मूळचा पश्चिम किनाऱ्याकडचा. अस्सल इथला एकच, ब्रूक ट्राउट. हिमयुग ओसरल्यापासून तो या टेकड्यांत आहे, आणि न्यू जर्सीचा राज्यमासाही तोच. पाठीवर किड्यानं कोरल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके, पोटाकडच्या पंखांच्या कडेला पांढरीशुभ्र रेघ. ज्या लहान वहाळांत तो अजून आपल्या आपण अंडी घालतो, तिथं पूर्ण वाढलेला मासाही बहुधा हाताच्या पंजाहून फार मोठा नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादी शेपटीनं खडी बाजूला सारून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी ओढते. सगळा हिवाळा ती अंडी खडीतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. वर कुठं बांधकामाची माती उघडी पडून वाहून आली, खडीच्या फटी गाळानं बुजल्या, की अंडी जागच्या जागी गुदमरतात. वरून पाणी दोन दिवसांत निवळतं. त्यामुळे कुणाला काही कळतही नाही.

राज्याचं मत्स्यखातं वॉरेन काउंटीतल्या पेक्वेस्टच्या केंद्रात ट्राउट वाढवून दर वसंतात लाखोंनी नद्यांत सोडतं. हंगामाच्या पहिल्या शनिवारी पुलापुलावर आजोबा-नातवंडांची गर्दी उसळते. मला ती गर्दी आवडते, कारण मुलं नदीच्या काठाला येतात. पण बाहेरून आणून सोडलेले मासे दिसतात म्हणून नदी ठणठणीत आहे, असं मानणं धोक्याचं आहे. नेमक्या याच मुद्द्यावर १९५९ साली मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीकाठच्या एका घरी १६ मच्छीमार एकत्र बसले. सरकारनं केंद्रातले मासे ओतत राहण्यापेक्षा रानटी मासा जगेल अशी नदी राखावी, असं त्यांना वाटत होतं. त्या बैठकीतून ट्राउट अनलिमिटेड ही संस्था उभी राहिली. आज देशभर तिच्या शाखा आहेत, न्यू जर्सीतही आहेत, आणि त्यांचं काम कार्यालयात कमी आणि गुडघाभर पाण्यात जास्त चालतं.

फ्लाय फिशिंगबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे ते फारसं कुणी पाहिलेलं नसतं. साध्या गळाला वजन लावून तो लांब फेकतात. इथं गळाला वजनच नसतं. वजन दोरीला असतं, आणि नऊ फुटी काठीनं ती दोरी मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद पसरायची असते. दोरीच्या टोकाला केसासारखा बारीक, जवळजवळ न दिसणारा धागा आणि त्याच्या टोकाला फ्लाय, म्हणजे इवल्याशा आकड्यावर पिसं, लोकर, तार गुंडाळून केलेला कीटक. काही फ्लाय मोराच्या पिसाच्या तंतूंनी बांधतात. ओलं झालं की त्या तंतूंचा हिरवा-तांबूस रंग पाण्यातल्या अळीच्या अंगासारखा चमकतो. मे महिन्यात संध्याकाळी सल्फर नावाचे फिकट पिवळे मेफ्लाय पाण्यातून वर येतात. पंख सुकेपर्यंत पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि ट्राउट एकेक करून त्यांना टिपतो. तुमची फ्लाय त्या किड्यांच्याच वेगानं, तशीच निवांत वाहत गेली पाहिजे. दोरीनं तिला किंचित जरी ओढलं, तरी मासा खाली बसतो.

त्यामुळे या छंदातला निम्म्याहून जास्त वेळ पाहण्यात जातो. कुठला कीटक उडतो आहे, कुठल्या दगडामागे पाणी संथ आहे, सावली कुठवर आली आहे. माझ्या जॅकेटला एक थर्मामीटर लटकवलेला असतो आणि पाण्यात उतरल्यावर पहिलं काम तो बुडवण्याचं. ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियस, दिसले की काठी गुंडाळायची आणि घरी जायचं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. दमलेला मासा त्यानंतर सोडला, तरी पुष्कळदा मरतो. वर्षानुवर्षं एकाच वळणावर उभं राहिलेल्या माणसाला ओढ्यात काय बदललं ते आधी कळतं. जुलैत पूर्वी थंड असायचा तो पट्टा आता कोमट लागतो, स्टोनफ्लाय नावाचे कीटक दिसेनासे झाले, दगडांवर शेवाळाचा थर चढला. अशा नोंदी ठेवणारी माणसं इथल्या नद्यांना मिळाली, म्हणून त्या आज जशा आहेत तशा तरी आहेत.

आता एक प्रश्न, जो मंडळात मला अनेकांनी विचारला आहे: मासा पकडायचा आणि सोडायचा, मग त्याला छळायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. आकडा टोचतो आणि मासा घाबरून सुटायला धडपडतो, हे खरंच आहे. म्हणून आम्ही टोकाला उलटा काटा नसलेला आकडा वापरतो. हात आधी ओले करतो, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. शक्य तर पाण्याबाहेर न काढताच सोडवतो, आणि गरम पाण्यात मासेमारी करत नाही. एवढं करूनही ज्यांना हे पटत नाही, त्यांचं मत मी मानते. त्यांनी काठी हातात धरू नये. ओढ्याच्या कामाला काठी लागत नाही. आमच्याबरोबर राबणाऱ्यांत असे कितीतरी आहेत ज्यांनी जन्मात गळ टाकलेला नाही, आणि त्यात शुद्ध शाकाहारीही आहेत.

मी महाडकडची. आमच्याकडे काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीचा डोह. तिथले महसीर कुणी धरत नाही. देवीचे मासे म्हणून येणारे-जाणारे त्यांना खाऊ घालतात, आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येऊन गर्दी करतात. देवाच्या नावानं डोह राखायची ही रीत मला फार मोलाची वाटते. कुठलं खातं नाही, दंड नाही, तरी पिढ्यान् पिढ्या तिथं गळ पडत नाही. पण डोहात पाणी येतं ते वरून. वरच्या डोंगरावर काय चाललं आहे, रान राहिलं की गेलं, कुणी काय सोडलं, यावर डोहातल्या माशाचं जगणं ठरतं. तिथं श्रद्धेचा धाक पोचत नाही. मासा न मारण्यापाशी आपली जबाबदारी संपत नाही, हे मला इथं, ट्राउटच्या ओढ्यावर काम करताना स्पष्ट दिसलं. कारण इथं त्या वरच्या डोंगरावर आपणच राहतो. आपली घरं, आपली अंगणं, आपले ड्राइव्हवे, आपल्या सोसायट्यांचे पार्किंग लॉट.

या ओढ्यांना आज मुख्य धोका कारखान्याच्या नळाचा राहिलेला नाही. तो आहे उष्णतेचा, गाळाचा, खताचा आणि मिठाचा, आणि चारही गोष्टी अगदी सभ्य, नीटनेटक्या वस्तीतून येतात.

उष्णतेचंच घ्या. उन्हाळ्यात दुपारी डांबर तापून निघालेलं असतं आणि चार वाजता वळीव कोसळतो. पार्किंगवरून, छपरांवरून, रस्त्यांवरून वाहणारं ते ऊन पाणी गटारात आणि गटारातून थेट ओढ्यात जातं. तासाभरात ओढ्याचं तापमान चढतं. काठाला झाडं असतील, पाणी जमिनीत मुरायला जागा असेल, तर ओढा सावरतो. पण आपल्याकडे काय दिसतं? मागचं अंगण उतरत ओढ्याला लागलेलं, आणि हिरवळ अगदी पाण्याच्या कडेपर्यंत कापलेली. दिसायला सुरेख. पण त्या गवताच्या मुळांना खोली नसते, ती काठ धरून ठेवत नाहीत, आणि दर पावसाला काठाचा एकेक लचका पाण्यात पडतो. न्यू जर्सीच्या नियमांत सर्वोच्च दर्जाच्या ओढ्यांना दोन्ही काठांना ३०० फुटांचा, ट्राउटच्या बऱ्याचशा पाण्याला १५० फुटांचा आणि बाकीच्यांना ५० फुटांचा पट्टा राखलेला आहे. तिथली झाडंझुडपं मनाला येईल तशी काढता येत नाहीत. घर घेताना आपण शाळांचे गुण तोंडपाठ करतो. मागच्या ओढ्याचा दर्जा काय, हे किती जणांनी पाहिलं असेल? राज्याच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. आज रात्री जेवणानंतर पाहून घ्या.

खताचं थोडक्यात सांगते, कारण त्याचा कायदाच आहे. २०११ च्या कायद्यानं न्यू जर्सीत घरमालकांना १५ नोव्हेंबरपासून आणि व्यावसायिकांना १ डिसेंबरपासून १ मार्चपर्यंत हिरवळीला खत टाकता येत नाही. पाण्याच्या काठालगतही टाकता येत नाही. आणि माती तपासून कमतरता दिसल्याशिवाय फॉस्फरसवालं खत वापरायचं नाही. तुमच्या अंगणाचं काम ज्याला दिलं आहे त्याला हे विचारा. सोसायटीच्या मंडळावर आपले लोक पुष्कळ आहेत. कंत्राट नव्यानं करताना हे मुद्दे त्यात लिहून घेणं त्यांच्या हातात आहे.

मिठावर मात्र मला थांबायचं आहे. बर्फाचा अंदाज आला की आपण चाळीस पौंडी पोतं आणतो आणि ड्राइव्हवेवर मूठमूठ उधळतो. घसरून पडण्याची भीती खरी आहे, घरात म्हातारी माणसं असतात. पण हे मीठ कुठंही जिरून नाहीसं होत नाही. मिठातलं क्लोराइड कुजत नाही, गाळलं जात नाही, झाडं ते शोषून संपवत नाहीत. थोडं वितळलेल्या बर्फाबरोबर ओढ्यात जातं, उरलेलं जमिनीत मुरून भूजलात बसतं आणि पुढं उन्हाळ्यातही झऱ्यांवाटे येत राहतं. गोड्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ सोसेल अशी क्लोराइडची मर्यादा केंद्रीय पर्यावरण संस्थेनं लिटरला २३० मिलिग्रॅम धरली आहे. एक चमचाभर मीठ पाच गॅलन पाण्याला जवळजवळ त्या रेषेपर्यंत न्यायला पुरतं. आणि लागतं किती? वीस फुटी ड्राइव्हवेला एक कॉफीचा मग भरून. तेवढंच. पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ काम करत नाही, त्या दिवशी वाळू टाका. बर्फ पडल्या पडल्या फावड्यानं ओढून घेतलं तर मीठ फारसं लागतच नाही, आणि जमिनीवर सांडून उरलेलं कोरडं मीठ झाडून परत डब्यात भरता येतं. आयझॅक वॉल्टन लीग नावाची जुनी संस्था सॉल्ट वॉच उपक्रमात पाणी तपासायच्या पट्ट्या फुकट पाठवते. पट्टी बुडवायची, आकडा वाचायचा, फोटोसह नोंद पाठवायची. दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. वादळाच्या आधी, नंतर आणि पहिल्या पावसानंतर त्याच पुलाखाली पट्टी बुडवली की आपल्या पोत्याचा हिशेब आपल्यालाच दिसतो.

आता काम प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते, कारण ‘पर्यावरणाचा कार्यक्रम’ म्हटलं की लोकांना वाटतं, हातमोजे घालून प्लास्टिकच्या बाटल्या वेचायच्या आणि टी-शर्ट घेऊन घरी यायचं. तेही करतो आम्ही. रॅरिटन हेडवॉटर्स संस्थेची सफाई एप्रिलमध्ये असते, आणि टायर, गाद्या, खुर्च्या, काय काय निघतं. पण मला सगळ्यात आवडणारं काम हिवाळा संपता संपताचं. विलो आणि सिल्की डॉगवूडच्या फांद्या पालवी फुटण्याआधी कापून आणायच्या, अंगठ्याएवढ्या जाड, हात-दीड हात लांब. खालचं टोक तिरकं, वरचं सपाट, म्हणजे उलटी लागत नाही. उघड्या पडलेल्या काठात रबरी हातोड्यानं ती दोन-तृतीयांश आत ठोकायची. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर शेवग्याची फांदी खोचतो, तसंच. मेमध्ये तिथं जाऊन पाहिलं की त्या काठ्यांना डोळे फुटलेले असतात. काही वर्षांत मुळांचं जाळं काठ धरतं आणि पाण्यावर सावली येते. हरणं कोवळी पालवी खाऊन टाकतात, म्हणून मोठ्या रोपांभोवती नळ्या बसवाव्या लागतात. त्या नळ्या नंतर काढायलाही कुणीतरी जावं लागतं. लावायला शंभर जण येतात, काढायला कुणी येत नाही. म्हणूनच मी एका शनिवारावर थांबू नका म्हणते.

जूनमध्ये कीटक मोजणी असते. दोघांनी पाण्यात उतरायचं. एकानं जाळी धरायची, दुसऱ्यानं तिच्या वरच्या अंगाला बुटानं खडी ढवळायची. जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि पाणी निवळेपर्यंत थांबायचं. आधी फक्त पालापाचोळा दिसतो. मग एक काडी चालायला लागते. ती काडी नसते, वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून बांधलेल्या घरातली कॅडिसफ्लायची अळी असते. दोन शेपट्यांचा, चपटा, पिवळसर-तपकिरी स्टोनफ्लाय. बहुधा तीन शेपट्यांचा, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले हलवणारा मेफ्लाय. स्टोनफ्लायला थंड, स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. तो आहे म्हणजे ओढा शाबूत आहे, तो गेला म्हणजे कुठंतरी बिघडलं. महागडी यंत्रं त्या क्षणाचं पाणी मोजतात, पण हे किडे महिनोन् महिने त्या पाण्यात राहिलेले असतात. मराठी शाळेतली मुलं एकदा त्या ट्रेभोवती बसवा. त्यांच्यातल्या काहींनी इथल्या शाळेत ट्राउट इन द क्लासरूम उपक्रमात गारगार टाकीत अंड्यांपासून ट्राउट वाढवून वसंतात नदीत सोडलेही असतील. आपले पालक त्या दिवशी फोटो काढायला येतात. पुढं तो मासा काय खातो, हे दाखवायला ट्रेइतकं दुसरं काही नाही.

आणि हे सगळं करून खरंच काही होतं का, असं विचाराल, तर मस्कनेटकाँग नदीकडे बघा. वॉरेन आणि हंटर्डनच्या सीमेवरून वाहत ती डेलावेअरला मिळते. तिच्यावर जुन्या गिरण्यांचे बांध होते, निकामी, नुसते पाणी अडवून तापवणारे. स्थानिक मस्कनेटकाँग वॉटरशेड असोसिएशन आणि तिच्या जोडीदारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, परवानग्या आणि पैसे उभे केले आणि एकेक बांध काढवला. २०१६ साली ह्यूजव्हिलचा बांध निघाला. लगेच पुढच्या वसंतात, २०१७ मध्ये, समुद्रातून शॅड मासे त्या जागेच्या वर चढून आले. शॅड म्हणजे आपल्या पाला माशाच्या, म्हणजे बंगाल्यांच्या हिल्साच्या, कुळातला. पिढ्यान् पिढ्या त्यांना ती वाट बंद होती. बांध निघाला आणि एका हंगामात ते परत आले. यामागे मोठा निधी होता, अभियंते होते, हे खरं. पण त्याआधी वर्षानुवर्षं सभांना जाऊन बसणारे, नोंदी ठेवणारे साधे लोकही होते.

सभांना जाऊन बसणं ही आपल्यात सगळ्यात मोठी उणीव आहे, असं मला स्पष्ट वाटतं. गावच्या नियोजन मंडळाच्या बैठका खुल्या असतात. नवीन गोदाम, नवीन वसाहत, पावसाच्या पाण्याचा आराखडा, सगळं तिथं मांडलं जातं, नागरिकांना बोलायला वेळ दिला जातो. बहुतेक गावांत पर्यावरण आयोग असतो आणि त्यावर साध्या नागरिकांची नेमणूक होते. आपल्यात स्थापत्य अभियंते आहेत, रसायनशास्त्रज्ञ आहेत, आकडेवारीवर पोट असणारे तर शेकड्यांनी आहेत. वर्षानुवर्षं साठलेले तापमानाचे आकडे कुणीतरी नीट मांडून नकाशावर आणून द्यावेत, म्हणून या छोट्या संस्था डोळे लावून बसलेल्या असतात. ते काम आपल्याकडच्या एखाद्या मुलीला दोन रात्रींचं आहे.

यावर येणारं उत्तर मला ठाऊक आहे. ‘आमचंच इथं काही ठरलेलं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, उद्या नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, आणि तुम्ही म्हणता ओढा आपला माना.’ हे दुखणं मी जवळून पाहिलं आहे. माझ्या शेजारचं कुटुंब कित्येक वर्षं त्या रांगेत आहे. पण मुलं इथंच वाढताहेत, पाणी इथलंच पिताहेत. आणि बिनपगारी स्वयंसेवेला ग्रीन कार्ड लागत नाही. मतदान करता येत नसलेल्या माणसालाही झाड लावता येतं, कीटक मोजता येतात. उलट माझा अनुभव असा की इथल्या जुन्या लोकांशी खरी ओळख होते ती ऑफिसात नाही, गमबूट चिखलात रुतल्यावर हात देताना होते. सत्तरीतला एखादा माणूस तुम्हाला त्याची चाळीस वर्षांची जागा दाखवतो, फ्लायची डबी उघडून म्हणतो, ‘यातली घे.’

उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आजी-आजोबांचाही विचार करा. मुलं-सुना कामावर, गाडी चालवता येत नाही, दिवस खायला उठतो. ओढा चालण्याच्या अंतरावर असेल तर रोज सकाळी आणि दुपारी थर्मामीटर बुडवून वहीत आकडा लिहिणं त्यांना सहज जमेल. ज्यांनी आयुष्यभर शाळेची हजेरी किंवा बँकेची खतावणी एक खाडाखोड न करता लिहिली, त्यांच्याइतकी विश्वासाची नोंद कोण ठेवणार?

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. सफाईत पुलाखाली कधी कधी नारळ सापडतात, लाल कापडात बांधलेले. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सापडते, क्वचित रंगवलेली मूर्ती. कुणी टाकली हे शोधण्यात मला रस नाही. श्रद्धेनंच टाकलेली असते. पण ज्या ओढ्याच्या खडीत अंडी आहेत, तिथं प्लास्टर, रंग आणि पिशवी नको. आपल्यातली पुष्कळ घरं आता शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून ती माती झाडांना घालतात. मंडळांनी गणपतीच्या पत्रकातच हे छापावं आणि निर्माल्य गोळा करून त्याचं खत करायची सोय कार्यक्रमाच्या जागी ठेवावी. बाहेरच्या कुणी येऊन आपल्याला हे सांगण्याआधी आपण केलेलं बरं.

तर माझी मागणी अशी. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि एक माणूस नेमा, जो जवळच्या पाणलोट संस्थेशी किंवा ट्राउट अनलिमिटेडच्या शाखेशी बोलेल. नवीन संस्था काढू नका, नवीन नावही नको. जे लोक आधीपासून राबताहेत त्यांच्यात जाऊन मिसळा आणि ते सांगतील ते काम करा. पहिला दिवस एप्रिलच्या सफाईचा धरा, कारण त्याला काही शिकावं लागत नाही. जूनच्या कीटक मोजणीसाठी आधी थोडं प्रशिक्षण असतं, त्यासाठी नावं मार्चमध्येच द्या. डिसेंबरच्या आत मिठाच्या पट्ट्या मागवून ठेवा. ज्यांना मे महिन्यात फ्लायची काठी हातात धरून बघायची असेल, त्यांना मी आनंदानं शिकवीन. सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना मासेमारीचा परवाना आणि त्यावर ट्राउटचा वेगळा शिक्का लागतो. तो ऑनलाइन मिळतो, आणि त्या पैशांतून मत्स्यखात्याचं काम चालतं.

वेडर्सची, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारींची, चिंता करू नका, संस्थेकडे असतात. मुलांच्या मापाचे मात्र नसतात, तेव्हा त्यांचे गमबूट आणि कोरडे मोजे आपापले आणा. दुसऱ्या ओढ्यात वापरलेले बूट असतील तर आधी घासून, पूर्ण सुकवून आणा, नाहीतर एका पाण्यातली परकी गोगलगाय किंवा शेवाळ दुसऱ्या पाण्यात जातं. पोहे आणि चहा माझ्याकडून.

आपली,
हंटर्डन काउंटीतली एक सभासद